शेतकरीण बहिणाबाई : एका दीर्घ आयुष्याची हकीकत

महोत्सवाची स्मरणिका उघडली म्हणजे पहिल्याच पानांवर नांवांच्या याद्या दृष्टीस पडतात. कोणते धर्मगुरु केव्हां आले, पाया कोणीं घातला, घंटा कोणीं चढविली, शाळा कोणीं उघडली, हें सारें तारीखवार दिलेलें असतें. आणि तें योग्यच आहे, कारण उपकारकर्त्यांचें स्मरण ठेवणें हें कृतज्ञ मंडळीचें पहिलें कर्तव्य होय. परंतु ज्या बाईनें भिंतींच्या चुन्याकरितां डोक्यावरून पाणी वाहिलें, जी रविवारीं तान्हें मूल कडेवर घेऊन कोस कोस चालत आली, आणि सुगीच्या दिवसांत जिनें सुपांतली पहिली ओंजळ वेदीपुढें आणून ठेविली, तिचें नांव त्या याद्यांत शोधूं गेल्यास बहुधा सांपडत नाहीं.

म्हणावयास तें एके ठिकाणीं असतें. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें १५६३ सालीं प्रत्येक धर्मग्रामांत विवाहांची वही ठेवण्याचा नियम घालून दिला, व बाप्तिस्म्याच्या वेळीं धर्ममातापित्यांचीं नांवें टिपून ठेवण्याची आज्ञा केली. पुढें १६१४ च्या रोमन विधिग्रंथानें मृतांच्या नोंदीचाहि नमुना ठरविला. राजेरजवाड्यांच्या दप्तरांत जिला जागा नव्हती अशा गरिबांतल्या गरीब बाईचें नांव या वह्यांमुळें कागदावर आलें, हा मोठाच उपकार होय. तरी पण त्या वहींत तिच्या वांट्यास तीनच ओळी येतात : अमुक दिवशीं बाप्तिस्मा, अमुक दिवशीं लग्न, अमुक दिवशीं दफन. पहिल्या व तिसऱ्या ओळीच्या मध्यें साठ-सत्तर पावसाळे निघून गेलेले असतात. त्या पावसाळ्यांत तिनें काय पेरलें, काय गमावलें, कोणतीं गाणीं म्हटलीं, याविषयीं तेथें एक अक्षरहि नसतें.

ही मधली रिकामी जागा भरून काढतां येते कीं काय, आणि येत असल्यास ती कोणीं व कशी भरावी, याचा विचार व्हावा म्हणून आज एका शेजारणीची हकीकत वाचकांपुढें ठेवितों. ती शेजारीण म्हणजे जळगांवच्या बहिणाबाई चौधरी. त्या आपल्या मंडळींतल्या नव्हत्या. विठ्ठलाच्या भक्तीच्या वातावरणांत त्या वाढल्या. परंतु काळ्या मातीला पंथ नसतो. आपलें सुलतानपूर बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला, लोणारच्या जवळ. तर याच जिल्ह्याची वायव्येकडची सीमा जळगांवच्या मुलुखाला भिडलेली. ज्वारी, कपाशी, तूर हींच पिकें. तेंच तिफण, तोच वखर, तोच पोळ्याचा सण. बहिणाबाईंची लेवा गणबोली मलकापूरकडील पुष्कळ घरांत बोलली जाते, आणि आपल्या वऱ्हाडी कानालाहि ती परकी वाटत नाहीं. म्हणून त्यांची हकीकत ही दूरदेशींची गोष्ट नसून बांधापलीकडच्या वावरांतलीच गोष्ट आहे असें समजावें.

बहिणाबाईंचा जन्म सन १८८० मध्यें, नागपंचमीच्या दिवशीं, खानदेशांतील आसोदें या गांवीं झाला. तें गांव जळगांवपासून जवळच आहे. वडिलांचें नांव उखाजी महाजन व आईचें नांव भिमाई. तीन भाऊ व तीन बहिणी असें भरलेलें शेतकऱ्याचें घर. मुलीला शाळेंत घालावें ही कल्पनाच त्या काळीं शेतकऱ्यांच्या घरांत शिरली नव्हती. १९०१ सालच्या खानेसुमारींतहि हिंदुस्थानांतील दर शंभर स्त्रियांमागें एक देखील धड साक्षर निघाली नाहीं, यावरून वीस वर्षांपूर्वींच्या स्थितीचा अंदाज करावा. बहिणाबाईंना शेवटपर्यंत अक्षरओळख झाली नाहीं. त्यांची शाळा म्हणजे वावर, जातें, चूल आणि देवळांतील कीर्तन. त्यांची पाटी म्हणजे स्मरण. एकदां ऐकलें कीं तें कायमचें कोरलें जाई, अशी ती पाटी होती.

वयाच्या तेराव्या वर्षीं जळगांवच्या नथुजी खंडेराव चौधरी यांच्याशीं त्यांचें लग्न झालें. माहेर हाकेच्या अंतरावर, तरी सासरवाशिणीला तें दूरच. खानदेशांत अक्षय्यतृतीयेच्या सणाला आखाजी म्हणतात. त्या सणाला लेकी माहेरीं येतात, झाडांना झोके बांधितात, आणि वर्षाचा शीण चार दिवसांत उतरवून परत जातात. माहेराची ही ओढ व आखाजीचा तो आनंद बहिणाबाईंच्या गाण्यांत पुढें आला, यांत नवल नाहीं. नवल हें कीं वर्षाच्या उरलेल्या कष्टाच्या दिवसांचींहि त्यांनीं गाणींच केलीं.

त्या दिवसांचा क्रम आपल्या वाचकांस सांगावयास नको, तरी तरुण मंडळीकरितां थोडक्यांत देतों. कारण ट्रॅक्टर व मळणीयंत्र आल्यापासून त्यांतील पुष्कळ गोष्टी डोळ्यांआड झाल्या आहेत. पहांटे कोंबडा आरवण्यापूर्वीं जात्यावर बसावयाचें. घरांतील माणसें व गडी जितके, तितक्यांचें पीठ उजाडण्याच्या आंत पडलें पाहिजे. मग पाणी, मग भाकरी, मग डोक्यावर पाटी घेऊन शेताची वाट. मृग लागला कीं पेरणी : पुरुषानें बैल हांकावे व बाईनें तिफणीच्या चाड्यांत मुठीनें बीं सोडीत चालावें. ती मूठ सैल पडली तर बीं दाट होतें, आवळली तर तास रिकामा राहतो. म्हणजे साऱ्या वर्षाचें पीक त्या बाईच्या पांच बोटांवर अवलंबून. पुढें निंदणी, मग कपाशीची वेंचणी, ज्वारीची कापणी, खळ्यावर बैलांची पात धरून मळणी, आणि शेवटीं उपणणी. वारा पडला असतां धान्याची पाटी डोक्याच्या वर धरून उभें राहावयाचें व वाऱ्याची वाट पाहावयाची. हें काम ज्यानें केलें आहे त्यालाच ठाऊक कीं, त्या घटकेला वाऱ्याला हांक मारण्यावांचून माणसाच्या हातीं कांहींच उरत नाहीं.

बहिणाबाईंचीं गाणीं वाचतांना प्रथम मनांत भरतें तें हेंच. पेरणी, कापणी, मळणी, उपणणी अशी कामें ज्या क्रमानें शेतांत येतात, त्याच क्रमानें त्यांच्या गाण्यांत तीं उभीं राहतात. शेतकऱ्याच्या जीवनावर काव्य करणारे शहरांतील कवि पुष्कळ झाले. त्यांनीं शेत बांधावरून पाहिलें. बहिणाबाईंनीं तें वाकलेल्या कमरेनें पाहिलें. शेतकरीण ही दुसऱ्याच्या काव्याचा विषय होती. ती स्वतः आपल्या कामाची कवयित्री म्हणून मराठी वाङ्मयांत प्रथम इतक्या ठळकपणें आली ती बहिणाबाईंच्या रूपानें. ओसाड रान मोडून पहिलें तास ज्यानें धरलें त्याला आपण मूळपुरुष म्हणतों. त्या अर्थानें या वाङ्मयाच्या रानांतील ही मूळ शेतकरीण होय.

परंतु तें सर्व पुढचें. ज्या काळांत त्या संसाराला लागल्या तो काळ फार कठीण होता. लग्नाला तीन-चार वर्षें होतात न होतात तोंच १८९६-९७ चा दुष्काळ आला; त्यांतून वर मान काढावी तों १८९९-१९०० चा त्याहून भयंकर दुष्काळ कोसळला. खानदेश काय किंवा आपला वऱ्हाड काय, दोन्हींकडे माणसें व गुरें अन्नपाण्यावांचून मेलीं. १८९६ सालीं मुंबईंत शिरलेला प्लेग आगगाडीच्या वाटेनें गांवोगांव पसरला. लोक घरेंदारें सोडून रानांत झोंपड्या घालून राहिले. बहिणाबाईंना ओंकार व सोपानदेव असे दोन पुत्र व काशी ही कन्या. त्यांपैकीं ओंकार याला प्लेगानें कायमचें अपंगत्व आलें. आणि तिशीच्या सुमारास स्वतः बहिणाबाईंवर वैधव्य ओढवलें.

वैधव्य म्हणजे केवळ मनाचें दुःख नव्हे, हें येथें स्पष्ट करणें अवश्य आहे. जी जमीन त्या बाईनें पंधरा-वीस वर्षें आपल्या घामानें भिजविली, तिच्यावर पतीच्या मृत्यूनंतर तिचा हक्क काय? एकत्र कुटुंबाच्या तेव्हांच्या हिंदु कायद्याप्रमाणें उत्तर असें कीं, अन्नवस्त्राचा, म्हणजे पोटगीचा. मालकी मुलांची व भाऊबंदांची. १९३७ सालीं विधवेस पतीचा हिस्सा हयातीपुरता देणारा कायदा झाला. पण तो शेतजमिनीस लागू पडत नाहीं, असा अभिप्राय फेडरल कोर्टानें १९४१ सालीं दिला, व त्यासाठीं प्रांतांना निराळी तजवीज करावी लागली. पूर्ण मालकीचा हक्क स्त्रीस मिळाला तो १९५६ च्या वारसा कायद्यानें. त्या वेळीं बहिणाबाईंना जाऊन पांच वर्षें होत आलीं होतीं. त्यांच्या वैधव्याचीं चाळीस वर्षें अशा रीतीनें कायद्याच्या उजेडापूर्वींच सरलीं.

या चाळीस वर्षांत त्यांनीं काय केलें? त्या राबल्या, मुलें वाढविलीं, आणि गात राहिल्या. त्यांच्या एका गाण्यांत दाराशीं आलेल्या ज्योतिषाला त्या परत पाठवितात. आपलें दैव आपल्याला कळून चुकलें आहे, तें हातावरच्या रेघांवरून कोणी सांगावयाची गरज नाहीं, असा त्या बोलण्याचा आशय. ज्या समाजांत विधवेचें तोंड पाहणें अपशकुन मानीत, त्यांत एका अक्षरशत्रु शेतकरणीनें असें बोलावें यांतलें धैर्य थोडें नव्हे. रडून बसण्याऐवजीं तिनें भविष्य सांगणाराची पिशवीच बंद केली. संसारांत हात पोळतात तेव्हांच भाकर मिळते, हें ती चुलीपाशीं शिकली होती. तिच्या गाण्यांत दुःख आहे, परंतु कुरकुर नाहीं; देव आहे, परंतु भाबडेपणा नाहीं; विनोद आहे, आणि तो सासरवाडीच्या विनोदाइतका तिखट आहे.

पवित्र शास्त्राच्या वाचकांना येथें रूथची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. तीहि विधवा, बेथलेहेमच्या शेतांत कापणी करणारांच्या मागोमाग सरवा वेंचून तिनें आपलें व सासूचें पोट भरलें. शास्त्रांत राजांचीं व संदेष्ट्यांचीं चरित्रें आहेत. परंतु त्यांच्या रांगेंत या सरवा वेंचणारीच्या नांवाचें एक स्वतंत्र पुस्तक आहे. तिची हकीकत कोणीतरी लिहून ठेविली म्हणून ती आपल्यापर्यंत आली. हा मुद्दा लक्षांत ठेवावा. कारण बहिणाबाईंच्या बाबतींतहि सारें याच एका गोष्टीवर अवलंबून होतें.

जात्यावर बसल्या बसल्या, शेतांत हात चालतां चालतां बहिणाबाई गाणें रचीत, व तें वाऱ्यावर जाई. पुन्हां म्हणण्याचा प्रसंग आला तर आला. त्यांचे पुत्र सोपानदेव हे पुढें मराठींतील नामवंत कवि झाले. ते व त्यांचे एक आप्त पितांबर चौधरी यांनीं आईच्या तोंडचीं कांहीं गाणीं जशीं कानीं पडलीं तशीं कागदावर उतरून घेतलीं. या एवढ्याशा उद्योगावर पुढचें सर्व उभें आहे. त्या दोघां तरुणांनीं त्या दिवसांत आळस केला असता, किंवा ‘घरचीच तर म्हातारी, तिचें काय लिहावयाचें’ असें मनांत आणिलें असतें, तर आज बहिणाबाई हें नांव चौधरींच्या घराबाहेर कोणास ठाऊक झालें नसतें.

आणि एक मौज पाहा. जळगांवांतील छापखाना पाहून या निरक्षर बाईंनीं त्यावरहि गाणें केलें होतें. कोऱ्या कागदाला शहाणपण देणारें तें यंत्र त्यांनीं कौतुकानें पाहिलें, आणि माणूस मात्र कोराच राहतो याची खंत केली. परंतु त्यांचीं स्वतःचीं गाणीं त्या यंत्राखालीं जाण्याचा योग त्यांच्या हयातींत आला नाहीं. ३ डिसेंबर १९५१ रोजीं, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीं, जळगांव येथें त्यांचें देहावसान झालें.

त्यानंतर सोपानदेवांनीं संकोचत संकोचत ती वही आचार्य प्रल्हाद केशव अत्रे यांस दाखविली. आपली आई, शेतांत राबणारी, तिचीं बोलींतलीं गाणीं. तीं एवढ्या मोठ्या साहित्यिकापुढें कशीं ठेवावीं, असा त्यांस संकोच वाटला असल्यास तो साहजिक होता. अत्र्यांनीं तीं वाचलीं, व हें अस्सल सोनें महाराष्ट्रापासून लपवून ठेवणें बरें नव्हे असें ठरवून त्यांच्या प्रकाशनासाठीं ते स्वतः झटले. १९५२ सालीं त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंचीं गाणीं’ हें पुस्तक बाहेर पडलें. विद्वान आणि सामान्य, दोन्ही प्रकारच्या वाचकांनीं तें डोक्यावर घेतलें. १९६१ च्या ‘मानिनी’ या बोलपटांतून त्यांचीं गाणीं अडाणी माणसाच्या ओठींहि गेलीं. जळगांव येथील उत्तर महाराष्ट्र विद्यापीठास २०१८ सालीं बहिणाबाईंचें नांव देण्यांत आलें. जिला सही करतां येत नव्हती तिच्या नांवाचा शिक्का आज हजारों पदवीधरांच्या प्रमाणपत्रांवर उमटतो. ईश्वराच्या घरचा न्याय कधीं कधीं असा दिसून येतो.

हा गौरव वाचून आनंद होतो. परंतु त्याच्या मागें एक हिशेब आहे, तोहि मांडला पाहिजे. त्या पुस्तकांत गाणीं अवघीं ३५ आहेत. पन्नास-साठ वर्षें ज्या बाईच्या ओठांवर सतत गाणें होतें तिचीं एकूण गाणीं किती झालीं असतील? जीं उतरून घेतलीं तीं राहिलीं. बाकीचीं पिठाबरोबर जात्यांतून पडलीं आणि गेलीं. आपण बहिणाबाईंचें सारें पीक पाहिलेलें नाहीं. खळ्यावरून जी एक पाटी घरीं आली तेवढीच पाहिली आहे.

कोणी म्हणेल कीं, छापलेलें तेवढें टिकतें, बाकीचें जावयाचेंच. परंतु आपल्याच घरांतला दाखला याच्या उलट आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे १५७९ सालीं गोव्यास आले व त्यांनीं मराठी ओवींत रचलेलें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं छापून निघालें. पुढें १६४९ व १६५४ सालीं तें पुन्हां छापण्यांत आलें. या तिन्ही आवृत्त्यांची एकहि छापील प्रत आज कोठें सांपडलेली नाहीं. मग हा ग्रंथ आपल्यापर्यंत आला कसा? साध्या भाविकांनीं तो घरोघर गाइला आणि हातानें नकलून ठेविला म्हणून. त्या हस्तलिखितांच्या आधारानें १९०७ सालीं मंगळूर येथें त्याची नवी आवृत्ति निघाली. छापखान्यानें गमावलेलें धन सामान्य माणसाच्या वहीनें राखलें. तेव्हां वहीचें सामर्थ्य आपल्या मंडळीस नवें नाहीं. आपण तें विसरलों आहों, इतकेंच.

येथें एक घरगुती गोष्ट सांगण्याची वाचकांनीं मोकळीक द्यावी. माझी आजी सुलतानपूरच्याच शिवारांत राबली. तिलाहि अक्षर येत नव्हतें. पहांटे जात्याच्या घरघरींत ती जें म्हणत असे तें ऐकत आम्ही नातवंडें अंथरुणांत पडून राहत असूं. ‘आजी, हें तुला कोणीं शिकविलें?’ असें विचारलें म्हणजे ती म्हणे, ‘माही माय म्हने, म्या आयकलं.’ एवढाच तिचा गुरुपरंपरेचा दाखला. पुढें मी शिकलों, वह्याच्या वह्या भरल्या. परीक्षेसाठीं दुसऱ्यांच्या कविता पाठ केल्या. आजीची एक ओळहि लिहून घेतली नाहीं. ती थकली तेव्हां एके सुटींत वही घेऊन तिच्यापाशीं बसलों. तिनें दोनतीनदां सुरुवात केली आणि प्रत्येक वेळीं मधेंच थांबली. जातें फिरल्याशिवाय तिला शब्द आठवत नव्हते, आणि जातें फिरविण्याचें बळ तिच्या हातांत उरलें नव्हतें. त्या वर्षीं पावसाळ्यापूर्वींच ती गेली. ती वही अजून माझ्यापाशीं आहे. तिच्या पहिल्या पानावर फक्त तारीख आहे.

हें दुःख माझ्या एकट्याचें असतें तर येथें मांडलें नसतें. परंतु ज्याच्या घरीं शेत आहे त्या प्रत्येकाच्या घरीं अशी एक म्हातारी होती किंवा आहे. जी गेली तिच्याविषयीं आतां उपाय नाहीं. जी ओट्यावर बसली आहे तिच्याविषयीं आहे. पुण्याच्या हेमा राईरकर व फ्रान्समधून येऊन येथलेच झालेले गी पॉइटवाँ यांनीं विसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत खेड्यापाड्यांतून हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्या गाणाऱ्या बायांचीं नांवें व गांवें यांसह नोंदून ठेविल्या. दोघेहि आतां हयात नाहींत, परंतु ती संपत्ति राहिली. त्यांच्यापाशीं राजाचा खजिना नव्हता. ओट्यावर बसून ऐकण्याची तयारी होती.

आणखी एका कागदाची गोष्ट याच ओघांत सांगितली पाहिजे, कारण गाणें टिकलें तरी गाणारीचा हक्क टिकला नाहीं तर तें कौतुक अर्धेंच होय. तो कागद म्हणजे सातबाराचा उतारा. ख्रिस्ती कुटुंबांस १९२५ चा वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसल्यास व मुलेंबाळें असल्यास विधवेस तिसरा हिस्सा, व उरलेल्यांत मुलगा व मुलगी यांस सारखा वांटा, असें त्यांत स्पष्ट आहे. हिंदु भगिनींना १९५६ च्या कायद्यानें मालकी मिळाली. कन्येला वडिलोपार्जित मिळकतींत मुलाच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्रांत १९९४ सालीं व साऱ्या देशांत २००५ सालीं आला. १९८६ सालीं चांदवड येथें शेतकरी संघटनेच्या अधिवेशनास लक्षावधि शेतकरी स्त्रिया जमल्या, व पुढें शरद जोशी यांनीं लक्ष्मीमुक्तीची चळवळ काढून पतीनें आपण होऊन पत्नीच्या नांवें जमीन करावी असें गांवोगांव सांगितलें. म्हणजे कायदा आहे, उपदेशहि झाला आहे. परंतु तलाठ्याच्या दप्तरांत नांव आपोआप चढत नाहीं. त्यासाठीं घरांतील कोणीतरी उठून अर्ज द्यावा लागतो. आपल्या आईचें नांव उताऱ्यावर आहे काय, हा प्रश्न ज्यानें त्यानें आपल्या घरीं जाऊन पाहावा. देवळांत आईला फुलें वाहावयाचीं व दप्तरांतून तिला वगळावयाचें, हें शोभत नाहीं.

असो. महोत्सवाच्या प्रसंगीं कांहींतरी संकल्प करण्याची चाल आहे. कोणी वेदीला संगमरवर देतो, कोणी दीप देतो, कोणी घंटा. हीं दानें उत्तमच आहेत. परंतु ज्याला तीं देण्याचें सामर्थ्य नाहीं त्यानें एक कोरी वही विकत घ्यावी. घरांतील सर्वांत वृद्ध बाईपाशीं जाऊन बसावें आणि विचारावें : तुझ्या आईचें नांव काय? तूं कोणत्या गांवची लेक? तुझें लग्न झालें त्या वर्षीं पाऊस कसा होता? कोणत्या दुष्काळांत घरांतलें काय विकलें? पहिल्या पेरणीला चाड्यावर तुझा हात कोणीं धरला? बिछान्याला खिळलेल्या मुलाच्या उशाशीं बसून तूं कोणती प्रार्थना म्हणत होतीस? जात्यावर काय म्हणत होतीस? ती सांगेल तें तिच्याच बोलींत लिहावें. शुद्ध करूं जाऊं नये. बहिणाबाईंचें सोनें सोनें राहिलें तें सोपानदेवांनीं आईची बोली पुस्तकी केली नाहीं म्हणून. आजकाल प्रत्येकाच्या खिशांत आवाज धरून ठेवणारें यंत्र असतें, त्याचाहि उपयोग करावा. परंतु वही अवश्य ठेवावी.

पेरणाऱ्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. कांहीं बीं वाटेवर पडतें, कांहीं खडकावर, कांहीं कांट्यांत, आणि कांहीं चांगल्या जमिनींत. बहिणाबाई चौधरी यांचें मूठभर बीं चांगल्या जमिनींत पडलें, कारण ती जमीन म्हणजे एका मुलाचा ऐकणारा कान व लिहिणारा हात होता. आपल्या मंडळींतल्या किती मुठी वाटेवर पडल्या याचा हिशेब आतां लागणार नाहीं. मात्र पुढील महोत्सवाची स्मरणिका जेव्हां निघेल, तेव्हां तिच्यांत धर्मगुरूंच्या यादीच्या शेजारीं शेतकरणींचीहि एक यादी असावी, आणि प्रत्येकीच्या नांवापुढें तीन ओळींहून अधिक मजकूर असावा. तेवढें झालें तर वेदीपुढें आणिलेली ती सुपांतली ओंजळ आपण वायां जाऊं दिली नाहीं, असें म्हणतां येईल.